चार मिनिटं

लोको शेडला बदली झाल्यापासून
माझं घड्याळ दिवसाला चाळीस मिनिटं पुढं पळायचं.
भोंगा व्हायच्या आत ते घरी पोचलेलं,
मी अजून मोटरच्या पोटात, कोपरापर्यंत ग्रीस.

सुभान तडवींनी ते आधी उघडलंच नाही.
नुसतं होकायंत्र जवळ नेलं.
सुई थरथरली, वळली,
पंगतीत कुणी नावानं हाक मारल्यासारखी.
"लागीर झालंय याले," म्हणाले, "चुंबकाचं."

मग भिंगातून दाखवलं:
केसाएवढी स्प्रिंग, तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले.
आखडली, म्हणून घाई.

तारेच्या गुंडाळीतून त्यांनी घड्याळ ओढून काढलं,
झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून
हात काढून घ्यावा इतकं हळू.
लागीर उतरलं.
पण मला तर उद्या पुन्हा शेडमध्येच जायचं होतं.

मी म्हटलं, झाकून ठेवू. जाड कशात तरी.
आईची पितळी डबी आणली. सुई वळलीच.
माझा जेवणाचा अॅल्युमिनियमचा डबा. वळलीच.
शिशाचा तुकडा, तळहाताएवढा जड.
तिला काही फरक नाही.

"रावेरले तुमच्या केळीभोवती शेवरी लावतात ना,
वारा आडवाले? तसं नाही हे.
हे आडवल्यानं आडत नाही, भारंबेबाई.
याले सोपी वाट द्या लागते."

टेबलावर चहा सांडला होता.
त्यांनी बोटानं त्यात एक वळसा ओढला,
काडेपेटीच्या बाजूनं.
चहा वळशानं निघून गेला.
काडेपेटी कोरडी.

लोखंड म्हणजे तो वळसा.
मऊ, शुद्ध, चुंबकाला आत घेणारं
आणि दुसऱ्या अंगानं सोडून देणारं.
मधली पोकळी बिनबोभाट.

पत्रा मीच आणला, मीच ठोकून बसवला,
शेडची सवय, प्रत्येक गोष्टीला हातोडा.
ते चिडले. एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते.
ठोकलं की आतली वाट मोडते, लोखंड अडून बसतं.
रात्री त्यांनी डबी भट्टीत लाल केली,
राखेत पुरून घरी गेले.
सकाळी काढली तेव्हा कोमट होती, आणि शहाणी.

फट नको. टोपण कडेवर चांगलं बोटभर चढलं पाहिजे.
किल्लीला भोक हवंच, तर टाचणीएवढं;
त्यातून शिरेल ते उंबऱ्यातच बसून राहील.

आणि तरीही मोठ्या चुंबकापाशी नेल्यावर
पत्र्याचं पोट भरलं, उरलेलं आत सांडलं.
मी म्हटलं, मग पत्रा जाड घेऊ.
नको म्हणाले. दुसरी डबी केली, पहिलीच्या बाहेरून,
मधे पुठ्ठ्याचं अंतर.
बाहेरचीनं दांडगाई सोसायची,
आतलीनं उरलंसुरलं.

मग एका दुपारी, छेचाळीस डिग्रीत, पंखा बंद,
होकायंत्र त्यांनी त्या दोन डब्यांत ठेवलं.
भोकाशी डोळा लावून बघा म्हणाले.
सुई कुठंही बघत होती.
जरा हलवली की तिथंच. पुन्हा हलवली, तिथंच.
जन्मभर सातपुड्याकडे तोंड करून उभी राहिलेली,
तिला उत्तर कुठं आहे हे आठवत नव्हतं.
टोपण काढलं तशी गरकन फिरली,
थेट यावलच्या डोंगराकडे.
"घटकाभर सुट्टी होती तिले," म्हणाले,
आणि टोपण पुन्हा लावून
ते थोडा वेळ तसंच हातात धरून बसले.

आता घड्याळ पळत नाही.
दिवसाला चार मिनिटं मागं पडतं.
मी घाबरून पुन्हा नेलं.
त्यांनी होकायंत्र लावलं, सुई ढिम्म.
"हे बाहेरचं नाही. हे त्याचं स्वतःचं.
करून देऊ नीट? एक स्क्रू फिरवाचा."

मी हात पुढं केला, घड्याळ परत घेतलं.
रोज सकाळी डबी उघडते,
चार मिनिटं पुढं करते,
आणि शेडला जाते.